चरईतल्या हार्ड डिस्कचे प्रकरण

१२ ऑक्टोबर २०२५ रोजी, रविवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास मामांचा फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता की, ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाचे फोल्डर भरायला साधारण किती वेळ लागतो. हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्या डिस्कवर काय घडून गेले असेल याचा अंदाज येण्यासाठी मला पुढचे काही ऐकावे लागले नाही. तरीही मी ते ऐकून घेतले, आणि ते बोलत असतानाच त्यांना संगणकाची तार भिंतीतून काढायला लावली. या टिपणातील बराचसा तपशील त्या संभाषणातून आणि पुढच्या तीन संध्याकाळी ठाण्याला चरईतल्या त्यांच्या घरी बसून मी जे पाहिले त्यातून आलेला आहे. मामांची परवानगी घेतली आहे. ‘नाव घालू नकोस, बाकी सगळे लिही’ एवढीच त्यांची अट आहे.

मामा सरकारी नोकरीत आरेखक होते आणि निवृत्त होऊन आठ वर्षे झाली. संगणक ही त्यांची उतारवयातली हौस असली तरी ती वरवरची नाही. २०१४ साली त्यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडलेला संगणक अजून चालू आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, त्याच वर्षीची एक टीबीची हार्ड डिस्क आणि २०१९ मध्ये बसवलेली २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), असा त्याचा जामानिमा. एसएसडीवर विंडोज आणि हार्ड डिस्कवर घरातला सगळा ऐवज अशी विभागणी होती. ऐवज म्हणजे सुमारे अठ्ठावन्न हजार फाइली: स्कॅन केलेले जुने फोटो, लग्नामुंजींची चित्रफीत, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आणि आजीच्या आवाजातल्या ओव्यांच्या अकरा कॅसेटींचे मामांनी २०१२ साली करून ठेवलेले ध्वनिमुद्रण. या सगळ्याची दुसरी प्रत नव्हती. ती का नव्हती, हे विचारण्याचा अधिकार मला नाही, कारण माझ्या ऐरोलीच्या घरातही त्या दिवशी ती नव्हती.

विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे मामांचा संगणक त्या यादीत बसत नव्हता. चालती वस्तू टाकून देणे त्यांच्या स्वभावात नाही. म्हणून दसऱ्यानंतरच्या शनिवारी, म्हणजे ४ ऑक्टोबरला, त्यांनी एसएसडीवरचे विंडोज काढून तिथे लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवायचे ठरवले. मला फोन केला तेव्हा मी त्यांना सल्ला दिला की, बसवताना चुकून भलतीच डिस्क पुसली जाऊ नये म्हणून हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. सल्ला योग्यच होता आणि त्यांनी तो तंतोतंत पाळला. पुढे जे झाले, त्याचे मूळ मात्र याच सावधगिरीत आहे.

लिनक्समध्ये डिस्कना अक्षरांनी ओळखतात. संगणक सुरू होताना जी पहिली सापडते ती एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी. ही नावे डिस्कला कायमची चिकटलेली नसतात. त्या दिवशी कोण कोण हजर आहे आणि कोण आधी सापडले, यावर ती ठरतात. मिंट बसवल्यावर दुसऱ्या दिवशी, हार्ड डिस्क अजून सुटीच असताना, मामांनी हौसेने ‘डीडी’ ही आज्ञा वापरून मिंटची प्रतिमा, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये बांधलेली नक्कल, एका पेनड्राइव्हवर उतरवली. त्या वेळी संगणकात एसएसडी आणि पेनड्राइव्ह अशा दोनच वस्तू होत्या, म्हणून पेनड्राइव्हचे नाव एसडीबी होते. मिंटमध्ये पेनड्राइव्ह लिहिण्यासाठी खिडकी उघडून काम करणारे एक सोपे साधन असते आणि ते फक्त यूएसबीवरच्याच वस्तू दाखवते, हे मामांना ठाऊक होते. पण काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम करण्यात जी ऐट आहे ती त्यात नाही, असे त्यांचे म्हणणे. डीडी कशालाच नको म्हणत नाही, काही विचारतही नाही. ज्या नावावर लिही म्हणाल त्यावर पहिल्या बाइटपासून लिहीत सुटते.

शनिवारी, ११ तारखेला, दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी कॅबिनेट उघडले, पंख्यांवरची धूळ काढली आणि हार्ड डिस्कची केबल परत जोडली. संगणक सुरू झाला, जुने फोटो दिसले, समाधान झाले. रविवारी सकाळी तलावपाळीवरच्या फेरीतले एक स्नेही, ज्यांच्याकडे असाच एक जुना संगणक आहे, आपला पेनड्राइव्ह देऊन गेले. मामांनी तो लावला, टर्मिनल, म्हणजे तोच काळा पडदा, उघडले, वरच्या बाणाची कळ दोन-तीनदा दाबून आठवड्यापूर्वीची आज्ञा जशीच्या तशी वर आणली, पासवर्ड दिला आणि एंटर दाबले. आता एसडीबी म्हणजे हार्ड डिस्क होती. स्नेह्यांचा पेनड्राइव्ह एसडीसी झाला होता, आणि त्याला कोणी हातही लावला नाही.

सूचना मिळाली नव्हती असे नाही. आदल्या आठवड्यात याच कामाला जवळजवळ पाच मिनिटे लागली होती. या वेळी ते अर्ध्या मिनिटाच्या आत संपले. सुमारे २.८ जीबीची प्रतिमा इतक्या झटकन लिहिणे साध्या पेनड्राइव्हच्या आवाक्याबाहेरचे असते, पण हार्ड डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो वेग सहज मिळतो. मामांनी वेग पाहिला आणि स्नेह्यांचा पेनड्राइव्ह चांगल्या प्रतीचा असावा असा निष्कर्ष काढला. साडेबाराला स्नेह्यांचा फोन आला: “अहो, यात तर माझे अभंगच आहेत!”

इथे थांबून हिशेब केला तर दिसते की, तोवरचे नुकसान फार मोठे नव्हते. एक टीबीची डिस्क संगणकाच्या मोजणीत ९३१ जीबी भरते. त्यातले सुरुवातीचे पावणेतीन जीबीच्या आसपास गेले होते. डिस्कवरचा एकमेव विभाग एनटीएफएस या विंडोजच्या फाइल प्रणालीचा, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा, होता आणि तो सुरुवातीपासून जवळपास शेवटपर्यंत पसरलेला होता. विभागांची नोंद करणारा पहिला सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानात लहान कप्पा), विभागाची मूळ माहिती सांगणारा त्याचा स्वतःचा बूट सेक्टर आणि त्यामागच्या जागेत ज्या फाइली पडल्या असतील त्या, एवढे पुसले गेले. एनटीएफएसची जी खरी जंत्री असते, जिच्यात प्रत्येक फाइलचे नाव आणि ती डिस्कवर कुठे आहे हे लिहिलेले असते, ती ‘एमएफटी’ नावाची सारणी. विंडोजने मोठा विभाग तयार करताना ती सहसा विभागाच्या सुरुवातीपासून बरोबर तीन जीबी आत ठेवलेली असते. प्रतिमा तीन जीबीच्या आत संपली म्हणून ही सारणी थोडक्यात वाचली. शिवाय एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत विभागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते. तीही शाबूत होती. म्हणजे जंत्री जागेवर, जंत्रीकडे नेणारा पत्ता दुसऱ्या टोकाला सुखरूप, आणि ऐवजापैकी हजारातले नऊशे सत्त्याण्णव हिस्से अस्पर्श. दुपारी साडेबाराला संगणक बंद झाला असता तर हे टिपण लिहिण्याइतके काही उरलेच नसते.

पण झाले ते असे. मामांना आपली चूक लगेच उमगली, आणि त्यांनी जे केले ते अडाणीपणाने नव्हे तर अर्धवट खऱ्या माहितीच्या आधारे केले. विभागांची नोंद पुसली गेली तरी आतला मजकूर जागेवर असतो, आणि त्याच मापाचा विभाग पुन्हा आखला की मजकूर परत दिसू लागतो, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. हे खरे आहे. फक्त आखणी करताना आत नवी फाइल प्रणाली घालायची नसते. मिंटमधील ‘डिस्क्स’ या साधनात अधिकाचे चिन्ह दाबले की नवा विभाग आखला जातो, पण त्याच वेळी कोणती फाइल प्रणाली हवी हेही विचारले जाते आणि लिनक्ससाठीची ‘एक्स्टफोर’ आधीच निवडलेली असते. फाइल प्रणाली नकोच, हा पर्यायही असतो, पण तो शोधून निवडावा लागतो. मामांनी आधी विभागांचा नवा तक्ता केला, मग अख्ख्या डिस्कचा एक विभाग आखला आणि समोर आलेल्या निवडीवर ‘पुढे’ दाबत गेले. काही क्षणांत काम झाले. उघडून पाहिले तर आत एकच फोल्डर: लॉस्ट प्लस फाउंड. त्यावर कुलपाची खूण.

या नावाने घात केला. हे फोल्डर प्रत्येक नव्या एक्स्टफोर विभागात असते आणि पुढे कधी तो विभाग दुरुस्त करताना पोरक्या झालेल्या तुकड्यांना ठेवायला जागा हवी म्हणून आधीच तयार केलेले असते. जुन्या विभागातले काही त्यात कधीच येत नाही. मामांनी मात्र ‘हरवले-सापडले’ हा अर्थ शब्दशः घेतला. त्यातच कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा ठरावीक अंतराने लुकलुकू लागला. संगणकाला काही काम दिलेले नसताना तो लुकलुकत होता, म्हणजे आत शोध चालू असणार. मामीला त्यांनी तो दिवा दाखवला. “सापडतंय बरं का सगळं,” असे म्हणून ते जेवायला बसले, आणि सुमारे पाऊण तास संगणक तसाच चालू राहिला.

तो दिवा काय सांगत होता हे समजून घेण्यासारखे आहे, कारण संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महागडा काळ हाच होता. एक्स्टफोर आपली डिस्क १२८ एमबीच्या गटांत वाटते आणि प्रत्येक गटासाठी फाइलींच्या नोंदींची दोन एमबीची कोरी वही राखून ठेवते. असे सोळा गट एकत्र बांधलेले असतात, म्हणून दर दोन जीबीच्या टप्प्यावर अशा सोळा वह्या, म्हणजे ३२ एमबीची सलग जागा, येते. डिस्क तयार करताना या वह्या पुसत बसले तर फार वेळ जाईल, म्हणून ते काम पुढे ढकललेले असते: विभाग पहिल्यांदा उघडला की लिनक्सचा गाभा पार्श्वभूमीवर, इतर कामांत अडथळा येऊ नये अशा बेताने थांबत थांबत, एकेक वही शून्यांनी भरत जातो. मामांनी विभाग उघडला तो कुलूपबंद फोल्डर बघायला. पुसण्याचे काम त्या क्षणी सुरू झाले. ९३१ जीबीत असे ४६६ टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर ३२ एमबी, असे मिळून साडेचौदा जीबी. शिवाय विभागाच्या मध्यावर एक जीबीची रोजनिशी, म्हणजे बदलांची नोंदवही, विभाग तयार होतानाच लिहिली गेली होती. डीडीच्या चुकीने जेवढे गेले त्याच्या पाचपटीहून अधिक या तथाकथित दुरुस्तीने गेले, आणि तेही एका टोकाला नव्हे तर सगळ्या डिस्कभर, ठिपक्याठिपक्यांनी.

त्यातल्या त्यात बरे एवढेच की ही फिरती हार्ड डिस्क होती. हाच प्रकार एसएसडीवर झाला असता तर एक्स्टफोर तयार करताना साधन सगळी जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला आधीच कळवते, आणि मग तिथून काही परत मिळण्याची आशा जवळपास संपते.

सोमवारी संध्याकाळी मी ऐरोलीहून गाडीने ठाण्याला गेलो. मामांनी दोन टीबीची नवी बाह्य डिस्क आणून ठेवली होती. आदल्या आठवड्यात नीट लिहिला गेलेला तोच पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू केला, म्हणजे जखमी डिस्कवर काहीही लिहिले जाण्याचा संभव राहिला नाही. आधी डिस्कची प्रकृती तपासली; अकरा वर्षांची असूनही खराब सेक्टर एकही नव्हता. मग ‘डीडीरेस्क्यू’ या नक्कल घेणाऱ्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा नव्या डिस्कवर घेतली. याला साडेतीन तास लागले. त्या काळात मामा शेजारी बसून होते आणि दर दहा मिनिटांनी कोणती डिस्क कोणत्या नावाची आहे ते मला मोठ्याने वाचून दाखवत होते. त्यानंतरचे सगळे काम प्रतिमेवर झाले. मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात गेली.

मंगळवारची संध्याकाळ माझ्या चुकीने वाया गेली. हरवलेले विभाग शोधणारे ‘टेस्टडिस्क’ हे साधन सुरू करताना विभागांच्या तक्त्याचा प्रकार विचारते. मामांनी रविवारी बनवलेला नवा तक्ता जीपीटी या नव्या प्रकारचा होता, साधनाने तोच सुचवला आणि मी तो मान्य केला, तेव्हा पहिल्या शोधात अर्थातच मामांचा एक्स्टफोरच समोर आला. ही डिस्क २०१४ साली विंडोज ७ ने जुन्या एमबीआर पद्धतीने आखली होती, हे मामांनी आठवून सांगितल्यावर मी प्रकार बदलला आणि खोल शोध लावून रात्री घरी परतलो. बुधवारी गेलो तेव्हा यादीत एनटीएफएसचा विभाग आलेला होता. तो सापडला तो शेवटच्या सेक्टरमधल्या त्या प्रतीमुळे. ती प्रत सुरुवातीला उतरवली, एमएफटीच्या सुरुवातीच्या नोंदींचा आरसा पुसला गेला होता तो मूळ सारणीवरून पुन्हा घडवला, आणि फाइलींची यादी पडद्यावर उघडली. एमएफटी तीन जीबीपाशी सुरू होऊन सत्तर एमबीच्या आत संपत होती. एक्स्टफोरच्या वह्या दोन आणि चार जीबीपाशी पडल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत ती बसली होती. मामा काही बोलले नाहीत. मामी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला नुसता पडदा दाखवला.

यादी दिसणे आणि फाइल धड असणे यांत फरक आहे, आणि बहुतेक लोक यादी दिसली की थांबतात. नाव, तारीख, आकार सगळे एमएफटीतून येते. आतला मजकूर शून्यांनी भरला असला तरी नाव झकास दिसते. म्हणून पुढचे काम असे होते की पुसलेला प्रत्येक टप्पा घेऊन त्या जागेवर कोणाची मालकी आहे हे विचारायचे. एनटीएफएसच्या साधनांत ‘एनटीएफएसक्लस्टर’ नावाची एक आज्ञा आहे, ती डिस्कवरची जागा दिली की तिथे कोणती फाइल आहे ते सांगते. ४६६ टप्पे, मधली एक जीबी आणि सुरुवातीचा भाग तिला एका छोट्या स्क्रिप्टने भरवले. उत्तर आले: एकूण १,३२६ फाइलींना झळ लागली होती. अठ्ठावन्न हजारांत हे थोडे वाटते, आणि फोटोंच्या बाबतीत ते थोडेच होते. चार-पाच एमबीचा फोटो एकतर पूर्ण वाचला होता किंवा पूर्ण गेला होता, अर्धा राखाडी झालेला क्वचित. गेलेल्यांपैकी सातशेहून अधिक नातेवाइकांच्या फोनमधून आणि मामेबहिणीच्या जुन्या लॅपटॉपमधून परत मिळाले. मोठ्या फाइलींचे तसे नव्हते. दोन जीबीहून मोठी कोणतीही सलग फाइल एका तरी टप्प्यावरून जाणारच, त्यामुळे मोठ्या चित्रफितींपैकी अभंग अशी एकही राहिली नाही. मात्र चित्रफीत मधे अडखळून पुढे चालते. मामेबहिणीच्या लग्नात आता मंगलाष्टकांच्या मध्येच थेट सूनमुख येते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे ज्या एका मोठ्या झिप फाइलमध्ये बांधून ठेवली होती ती मात्र धड उघडलीच नाही. जागा वाचवण्यासाठी केलेली ती बांधणीच नडली.

मामांनी आता डीडीची जुनी आज्ञा इतिहासातून पुसून टाकली आहे. नवी आज्ञा लिहिताना ते अक्षरी नावाऐवजी डिस्कच्या बनावटीचा आणि अनुक्रमांकाचा समावेश असलेले लांबलचक नाव वापरतात, जे केबल कितीही काढली-घातली तरी बदलत नाही. बाह्य डिस्कवर दर रविवारी प्रत घेतली जाते. ऐरोलीतही.

राहिल्या ओव्या. अकरा ध्वनिफितींपैकी आठ जशाच्या तशा मिळाल्या. त्या सगळ्या मामांनी कोणतेही आकुंचन न करता डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवल्या होत्या, एका तासाच्या कॅसेटला सहाशे एमबीच्या घरात जागा जाते म्हणून मी त्यांना एकदा हसलोही होतो. त्या प्रकारात आवाज नुसता ओळीने मांडलेला असतो, म्हणून मधले काही गेले तरी मागचे-पुढचे बिघडत नाही. उरलेल्या तीन फितींत प्रत्येकी एक टप्पा आला आहे. ३२ एमबी म्हणजे त्या मुद्रणाच्या हिशेबाने तीन मिनिटे दहा सेकंद: आजी एक ओळ म्हणते, जात्याची घरघर येते, मग तीन मिनिटे दहा सेकंद पूर्ण शांतता, आणि मग दुसऱ्याच ओवीचा शेवट.

त्या तीनपैकी दोन कॅसेटी माळ्यावर सापडल्या, तिसरीच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. वाजवायला डेक हवा, तो घरात आहे, पण गेली दहा वर्षे बंद आहे. मागच्या शनिवारी मी गेलो तेव्हा तो वर्तमानपत्रावर उघडा पडला होता, आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चाकांना चिकटला होता, आणि मामा कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक चाक पुसत होते. सुटे केलेले स्क्रू त्यांनी कागदावर क्रमाने मांडून प्रत्येकाखाली तो कुठला आहे ते लिहून ठेवले होते.